माती किती धातू धरते यापेक्षा तो कधी सोडते, ते विचारा

गोव्यात खाणींचा विषय निघाला की वाद हमखास दोन कागदांवर येऊन अडतो. एका बाजूच्या हातात मातीचा अहवाल असतो: किलोमागे इतकं मँगनीज, इतकं क्रोमियम, इतकं निकेल. दुसऱ्या बाजूच्या हातात पाण्याचा अहवाल असतो आणि त्यात सगळे आकडे मर्यादेच्या आत असतात. पहिली बाजू म्हणते, जमीन विषारी झाली. दुसरी म्हणते, पाणी स्वच्छ आहे, उगाच भीती पसरवू नका. मग आवाज चढतात, हेतूंवर शंका घेतल्या जातात आणि ज्याच्या शेतात खाणीच्या डंपावरची, म्हणजे टाकाऊ ढिगावरची, माती उतरली तो शेतकरी होता तिथेच राहतो. खरं तर हे दोन्ही कागद एकाच वेळी बरोबर असू शकतात. मातीत धातू भरपूर आहे आणि पाण्यात तो दिसत नाही, यात विसंगती काहीच नाही. पण दोघांनीही जो प्रश्न विचारायला हवा तो विचारलेलाच नाही. मातीने धरलेला धातू कोणत्या परिस्थितीत सुटतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुटतो आणि सुटल्यावर कुठे जातो? माझं म्हणणं असं की खाणी पुन्हा सुरू करणं असो, डंप उचलणं असो किंवा खाण कायमची बंद करणं असो, परवानगीचा आणि जबाबदारीचा पाया या प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहिला पाहिजे. तो आज तसा नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली गोव्यातलं लोहखनिजाचं उत्खनन थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू करायला वाट दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. या सगळ्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत डंप मात्र जागच्या जागी उभे राहिले. गोव्यात एक टन खनिज काढायचं तर अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो टाकलेला माल म्हणजे हे डंप. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे डोंगर उघडे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी भातशेती आहे.

खाणींच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत, ते आधी नीट मांडले पाहिजेत. गोव्याची माती मुळातच जांभ्याची. लोह, ॲल्युमिनियम, मँगनीज तिच्यात निसर्गानेच ठासून भरलेलं आहे, आणि खाण नसलेल्या डोंगरावरचा नमुना घेतला तरी आकडे मोठेच येतील. दुसरं, इथलं खनिज ऑक्साइडच्या रूपातलं आहे. जगात खाणींमुळे सर्वांत भयंकर प्रदूषण झालं ते गंधकयुक्त खनिजांमुळे. त्या खनिजांतल्या पायराइटला हवा आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, जीवाणू तो वेग कितीतरी पटींनी वाढवतात, आणि ते आम्ल दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम ओढून बाहेर काढतं. स्पेनमधली रिओ तिंतो नदी अशा पाण्याने आजही लाल वाहते आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) दोन-अडीचच्या आसपास असतो. मांडवीची ती गत नाही, होण्याचं कारणही नाही. तिसरं, लोहाची ऑक्साइडं स्वतःच इतर धातूंना घट्ट धरून ठेवतात, आर्सेनिकच्या पाण्यावर उपाय म्हणून गाळणीत लोहाची ऑक्साइडं वापरतात ती याचसाठी. आणि चौथं, माणसांचं. २०१२ नंतर आणि पुन्हा २०१८ नंतर ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणीच्या फाटकासमोर खानावळ चालवणाऱ्या बायका यांच्या घरात जे झालं ते कुठल्याही पर्यावरणवाद्याने सहज बाजूला सारू नये. कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात गंजताना पाहणं ही खरी यातना आहे.

हे सगळं मान्य. पण यातल्या तिसऱ्या मुद्द्यातच खरी गोम आहे. लोहाची ऑक्साइडं धातूंना धरून ठेवतात, हे खरं, पण कुठवर? जोवर त्या मातीत हवा आहे तोवर. आणि भाताचं शेत म्हणजे चार महिने हवा कोंडून ठेवलेली जमीन.

मातीतला सगळा धातू एकाच जागी, एकाच रीतीने बसलेला नसतो. थोडासा मातीच्या कणांवर नुसता चिकटलेला असतो, पाण्यातलं मीठ वाढलं तरी तो निघतो. थोडा कार्बोनेटमध्ये असतो, त्याला सौम्य आम्ल पुरतं. बराचसा लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांत गुंतलेला असतो, काही सेंद्रिय पदार्थांना आणि गंधकाला बांधलेला, आणि उरलेला खनिजाच्या स्फटिकात इतका आत की हजारो वर्षंही हलणार नाही. १९७९ साली तेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कप्पे एकामागून एक उघडून मोजायची पद्धत बसवून दिली. तिच्यात त्रुटी आहेत, नंतर सुधारणाही झाल्या, पण तिने एक गोष्ट कायमची पक्की केली: एकूण धातू सारखाच असलेल्या दोन मातींचा धोका पूर्णपणे वेगवेगळा असू शकतो. जांभ्याच्या डोंगरावर हजारो वर्षं मुरलेलं मँगनीज आणि खाणीतून काल वर आलेल्या, दळलेल्या, धुतलेल्या बारीक गाळातलं मँगनीज यांचा आकडा एकच असेल, वागणूक एक नसते. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि पाण्याशी त्याचा व्यवहार तितका जास्त.

आता भाताच्या खाचरात काय होतं ते पाहा. चिखलणी होऊन पाणी साचलं की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. पण जीवाणूंचं काम थांबत नाही. पालापाचोळा, शेण, मागच्या पिकाची मुळं खायला त्यांना प्राणवायूच्या जागी दुसरं काहीतरी लागतं. आधी ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीजची ऑक्साइडं, मग लोहाची. घन ऑक्साइडच्या रूपात निर्धोक बसलेलं मँगनीज आणि लोह या प्रक्रियेत विरघळतं, आणि त्यांच्या अंगावर चिकटलेले बाकीचे धातू, आर्सेनिकसकट, त्यांच्याबरोबर मोकळे होतात. इथे आम्लाची गरज नाही, पायराइटची नाही. साचलेलं पाणी, कुजणारा पाचोळा आणि थोडे दिवस एवढं पुरे. हे डोळ्यांनीही दिसतं. ऑगस्टमध्ये अशा शेतात दोन बोटं खोल माती उकरली तर वरचा लाल रंग जाऊन ती निळसर करडी लागते. बांधाच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. लोक म्हणतात ट्रकचं तेल आलं. काडी फिरवून बघावी: तेलाचा तवंग फिरून जुळतो, याचे मात्र तुकडे पडतात आणि तसेच तरंगत राहतात. तो विरघळून वर आलेल्या लोहाचा, हवा लागून पुन्हा घट्ट झालेला पापुद्रा असतो. खालच्या पानांवर शेंड्याकडून तांबूस ठिपके चढत गेले, फुटवे कमी आले, मुळं काळी पडली, तर रोपाने नको इतकं लोह ओढलं असं समजावं. थोडं लोह असतंच, भात ते सहन करतो, मुळांतून हवा सोडून आपल्याभोवती तपकिरी कवच करतो. प्रश्न कवच कधी अपुरं पडतं याचा आहे.

हे सारं होत असताना पाण्याचा नमुना कुठून आणि कधी घेतला जातो? वाहत्या ओढ्याचा, नदीचा किंवा विहिरीचा, आणि बऱ्याचदा पाऊस ओसरल्यावर, रस्ते सुकल्यावर. वाहत्या पाण्यात हवा भरपूर असते, त्यामुळे शेतातून आलेलं विरघळलेलं लोह तिथे पुन्हा घट्ट होऊन तळाला बसतं. प्रयोगशाळेत गाळलेलं पाणी जातं आणि कागदावर ‘मर्यादेत’ असं येतं. ते खोटं नसतं. पण मुळाभोवतीच्या पाण्याबद्दल ते एक अक्षरही सांगत नाही. धोकादायक कचरा ठरवायची जी चाचणी आपल्या नियमांत आहे तिचंही तसंच. नमुना सौम्य ॲसिटिक आम्लात अठरा तास ढवळायचा आणि किती धातू सुटला ते मोजायचं. ही पद्धत मुळात शहरी कचऱ्याच्या भरावासाठी बेतलेली. पाणी साचलेल्या मातीतून लोह सुटायला दिवस, आठवडे लागतात, तिथे हवेशीर बाटलीतले अठरा तास काय सांगणार? डंपाखाली कचऱ्याचा भराव नसून भाताचं खाचर असेल, तर चाचणी खाचराची हवी.

खाली उतरलं की आणखी एक पदर लागतो. मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेती, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल खाऱ्या जमिनीतली शेती, भरती-ओहोटीवर चालते. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खारं पाणी आत येतं-जातं. डंपावरून वाहून आलेला बारीक गाळ गोड्या पाण्यात तरंगत राहतो, पण खारं पाणी भेटलं की त्याचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. म्हणजे वरच्या खाणीचा गाळ नेमका खाजनाच्या पट्ट्यात थांबतो. आणि तेच मीठ कॅडमियमसारख्या धातूला मातीच्या कणावरून सोडवतं, कारण क्लोराइडशी त्याची जोडी पाण्यात राहणं पसंत करते. नदीच्या वरच्या अंगाला घेतलेला ‘मर्यादेत’चा अहवाल खाजनाच्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने दाखवायचा?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण चूक तिथेही आहे आणि ती आपल्याच माणसांना महागात पडते. एकूण धातूचा आकडा फडकवून जमीन विषारी ठरवणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला जातो: खाण नसलेल्या गावातला आकडा किती? जांभ्याच्या प्रदेशात तोही मोठाच निघतो, आणि न्यायालयात, सुनावणीत, वर्तमानपत्रात मुद्दा तिथेच कोसळतो. शिवाय ‘विषारी जमीन’ हा शिक्का बसला की त्या गावच्या भाताला, भाजीला, नारळाला गिऱ्हाईक मिळत नाही. ज्याच्यासाठी भांडायचं त्याचाच माल आपण बाजारातून उठवतो. आणि शेतकऱ्याने कंटाळून जमीन विकायला काढली की ती कोण घेतो, हे खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

जपानने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला, आणि गोव्याने जपानकडे पाहावं याला कारणही आहे: १९५० च्या दशकापासून गोव्याचं खनिज जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जात होतं. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येतंच. ते गाळासोबत नदीत आलं, नदीच्या पाटातून भातशेतीत आलं आणि भातातून माणसांत. उतारवयाच्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकला आला तरी मोडत. नोबोरू हागिनो या गावातल्या डॉक्टरांनी हा आजार जगासमोर आणला, तर त्यांच्यावरच शंका घेतल्या गेल्या. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला, १९७१ आणि १९७२ मध्ये न्यायालयांनी कंपनीला जबाबदार धरलं. मधल्या काळात, १९७० साली, जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा केला. त्यात कॅडमियमची मर्यादा मातीवर घातली नाही, भाताच्या दाण्यावर घातली. तांब्याची आणि आर्सेनिकची मर्यादा घातली ती हलक्या आम्लात मातीतून जेवढं सुटतं तेवढ्यावर. म्हणजे मातीच्या पोटात किती आहे यापेक्षा बाहेर किती येतं याला कायद्याने महत्त्व दिलं. आपल्याकडे अर्ध्या शतकानंतरही हा फरक चर्चेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जपानी शेतकऱ्यांचा पुढचा अनुभव तर आणखी बारकाईने पाहण्यासारखा. कॅडमियम दाण्यात जाऊ नये म्हणून भात निसवण्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे खाचरात पाणी भरून ठेवायचं, असं त्यांना सांगितलं गेलं. पाण्याखाली कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि हलत नाही. शेत लवकर सुकवलं तर त्याला हवा लागते आणि ते सुटतं, तेही नेमकं दाणा भरताना. पण तेच पाणी लोहाची ऑक्साइडं विरघळवतं आणि आर्सेनिक सोडतं. एक बांधायला जावं तर दुसरं सुटतं. ज्या जमिनीत दोन्ही आहेत तिथे पाणी कधी धरायचं, कधी सोडायचं हे मातीचा स्वभाव माहीत असल्याशिवाय सांगताच येत नाही. एका आकड्याची मर्यादा लिहून मोकळं होणाऱ्या नियमाला हे कसं पेलणार?

डंप उचलण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मी मुद्दाम मागे ठेवला होता. ते म्हणतात, डंप हाच धोका आहे ना, मग तो उचलून न्यायला विरोध कशाला? माल विकला जाईल, लोकांना काम मिळेल, प्रदूषणाचं मूळही जाईल. तत्त्वतः याला माझा विरोध नाही. डंप कायम तिथेच ठेवणं हा उपाय नव्हे, हे जपानमधल्याच आशिओच्या तांब्याच्या खाणीने दाखवून दिलं आहे. वातारासे नदीच्या खोऱ्यातली भातशेती त्या खाणीच्या गाळाने उजाड झाली, तेव्हा शोझो तानाका यांनी १८९१ पासून संसदेत तो प्रश्न लावून धरला, आणि १९०१ साली थेट सम्राटाच्या घोडागाडीसमोर अर्ज घेऊन धावले. सरकारने उपाय म्हणून गाळ अडवायचा तलाव केला आणि त्यासाठी यानाका गाव उठवलं. खाण १९७३ मध्ये बंद झाली. पण तिच्या टाकाऊ मालाचा एक ढीग १९५८ साली ढासळला होता, तोच मार्च २०११ च्या भूकंपात पुन्हा ढासळून नदीत गेला आणि पाण्यात शिसं मर्यादेच्या वर आढळलं. खाण बंद होऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

म्हणून प्रश्न उचलायचा की नाही हा नाही. कसा उचलायचा आणि उचलल्यावर मागे काय राहतं हा आहे. जुन्या डंपावर वरचा थर कडक झालेला असतो, त्यावर अकेशियाची झाडं लावलेली असतात. तो फोडला की आतला बारीक माल उघड्यावर येतो. चांगला माल निवडून, धुऊन नेला की मागे राहतो तो आणखी बारीक, आणखी ओला गाळ, म्हणजे धातू सोडायला सर्वांत तयार असलेला भाग. टनांच्या हिशोबात डंप कमी झालेला दिसेल, सुटू शकणाऱ्या धातूच्या हिशोबात तो वाढलेलाही असू शकतो. हा दुसरा हिशोब मांडल्याशिवाय ‘प्रदूषणाचं मूळ गेलं’ असं कुणी कसं म्हणावं? शिवाय आधीच शेतात उतरलेल्या गाळाचं काय? डंप जहाजात चढला तरी तो गाळ खाचरातच राहणार.

हे मोजणं महाग पडेल, असं आता म्हटलं जाईल. पडेलच. पण जिंझूच्या काठी शेतातली माती बदलायला तेहतीस वर्षं लागली, काम २०१२ मध्ये संपलं, सुमारे ८६० हेक्टर जमीन दुरुस्त झाली आणि चार हजार कोटी येनांहून जास्त खर्च झाला, ज्यातला निम्म्याहून अधिक भार जनतेच्या तिजोरीवर पडला. त्याच्याशी तुलना केली तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुळांजवळचं पाणी सच्छिद्र नळीने ओढून तपासणं, आणि सुगीला दाणा तपासणं, ही रक्कम किरकोळ आहे. पैशाची सोयही आहे. २०१५ पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि ते खाणबाधितांसाठीच आहे.

खरी अडचण पैशापेक्षा अधिकाराची आहे. मोजमाप खाण चालवणाऱ्याने नेमलेल्या सल्लागाराने करायचं आणि गावाने अहवाल वाचायचा, ही आजची रीत. १९७२ च्या निकालानंतर जिंझूच्या रहिवाशांनी कंपनीकडून एक करार मिळवला: त्यांना वाटेल तेव्हा, आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ घेऊन, खाणीत आणि कारखान्यात शिरून तपासणी करता येईल आणि खर्च कंपनीचा. पुढे खाण बंद झाली तरी त्या तपासण्या चालू राहिल्या. नदीतलं कॅडमियम हळूहळू नैसर्गिक पातळीला आलं. गोव्यातल्या शेतकऱ्याला, कूळ असो वा मालक, हा अधिकार द्यायला कोणती अडचण आहे? कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्था, आहेत, खाजनांच्या कूळ संघटना आहेत, पंचायती आहेत. माणसं बाहेरून आणायची गरज नाही.

आणि हे गोव्यापुरतं नाही. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचं उत्खनन वाढत चाललं आहे, आणि खाली भातच पिकतो. तिथेही खनिज ऑक्साइडचंच, म्हणून ‘आम्ल तयार होत नाही, काळजी नको’ हे उत्तर तिथेही ऐकायला मिळेल. नवा डोंगर फोडण्याआधी त्याच्या पायथ्याच्या खाचरांतल्या मुळांजवळच्या पाण्याची आणि दाण्याची नोंद निदान दोन पावसाळे घेतली जावी. खाण बंद करताना भरलेली हमीची रक्कम परत द्यायची ती डंपावर किती रोपं लावली ते पाहून देऊ नये. या नोंदी पूर्वीच्या पातळीवर आल्या का, ते पाहून द्यावी. त्याला वीस वर्षं लागली तर रक्कम वीस वर्षं सरकारकडे राहू दे. धातू सुटत असताना जबाबदारी सुटू देणारा करार कुणी करू नये.